वसईच्या शरणागतीचा दिवस : एक दिनांक आणि चार कालगणना

१

स्थानिक इतिहासाच्या लेखनात दिनविशेषांना मोठे स्थान प्राप्त झाले आहे. एखाद्या गावाचा अथवा नगराचा इतिहास सांगताना वर्षाच्या एकाच तारखेवर निरनिराळ्या शतकांतील घटना एकत्र मांडल्या जातात आणि त्या मांडणीतून त्या स्थळाच्या दीर्घ आयुष्याचे एक चित्र उभे राहते. या पद्धतीच्या मुळाशी एक गृहीतकृत्य असते. सोळाव्या शतकातील तारीख, अठराव्या शतकातील तारीख आणि विसाव्या शतकातील तारीख या तिन्ही एकाच जातीच्या वस्तू आहेत, असे ते गृहीतकृत्य होय. ते कितपत टिकते, याचा विचार एका विशिष्ट स्थळाच्या आणि एका विशिष्ट दिवसाच्या आधाराने करणे उपयुक्त ठरेल.

हे स्थळ म्हणजे वसईच्या खाडीचा दक्षिण तीर होय. भाईंदर स्थानकाच्या पूर्वेकडील केबिन रोड व त्याच्या आसपासची वस्ती आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. येथे नगरपरिषद १९८५ साली स्थापन झाली आणि महानगरपालिका २००२ साली. नागरी संस्था म्हणून या शहराचे वय अर्थातच लहान आहे. परंतु ज्या भूमीवर ते वसले ती भूमी साष्टी बेटाचे उत्तर टोक असून तिचा इतिहास खाडीच्या दोन्ही तीरांशी निगडित आहे. पूर्वेस घोडबंदरचा कोट, पश्चिमेस उत्तनजवळ चौक येथील धारावीचा किल्ला आणि खाडीपलीकडे वसईचा किल्ला, या तीन स्थळांच्या मधोमध भाईंदर, नवघर, राई, मुर्धे इत्यादी गावे येतात. खाडीच्या मुखावर कोणाची सत्ता आहे, यावर या गावांचे भवितव्य शतकानुशतके अवलंबून होते.

तो विशिष्ट दिवस म्हणजे वसईच्या पोर्तुगीजांनी चिमाजी आप्पांपुढे शरणागती पत्करली तो दिवस. पोर्तुगीज कागदपत्रांप्रमाणे हा दिवस १६ मे १७३९ होय. अनेक मराठी ग्रंथांत मात्र ५ मे १७३९ अशी तारीख आढळते. त्याचप्रमाणे किल्ला प्रत्यक्ष ताब्यात येऊन त्यावर मराठ्यांचे निशाण चढल्याचा दिवस कोठे १२ मे, तर कोठे २३ मे असा दिलेला असतो. एकाच घटनाक्रमाला ५, १२, १६ व २३ असे चार अंक चिकटलेले पाहून नवा अभ्यासक गोंधळतो. यांपैकी एक खरा व इतर चुकीचे असले पाहिजेत, असा त्याचा स्वाभाविक समज होतो. वस्तुतः चारही अंक बरोबर आहेत. दोष अंकांत नसून ते एका पट्टीने मोजण्यात आहे.

२

प्रथम घटनेचे स्वरूप थोडक्यात पाहू जाता असे दिसते की, २३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. तेव्हापासून दोनशे वर्षांहून अधिक काळ वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. साष्टी बेटही त्यांच्याच अमलाखाली होते. १७३७ च्या वसंत ऋतूत मराठ्यांनी ठाणे घेऊन साष्टीत प्रवेश केला. त्यानंतर मोहीम लांबली. वसईच्या किल्ल्याला दोन बाजूंनी पाणी असल्यामुळे समुद्रमार्गाने त्यास रसद व कुमक मिळत असे. खाडीच्या मुखावरील धारावीचा किल्ला हाती आल्याखेरीज हा मार्ग बंद होणे शक्य नव्हते. यास्तव वसईवर अखेरचा हल्ला करण्यापूर्वी मराठ्यांनी धारावी घेतली. दक्षिण तीराच्या इतिहासाच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. वसईचा पाडाव वसईतच झाला, तरी त्याचा पाया आजच्या मीरा-भाईंदरच्या किनाऱ्यावर घातला गेला होता.

मे महिन्यात तटाखाली सुरुंग उडवून निकराचा हल्ला करण्यात आला. सेबॅस्टियनच्या बुरुजाला खिंडार पडले आणि दोन्ही पक्षांची मोठी हानी झाली. अखेर किल्ल्याचा अधिकारी कायतानु द सोझा परेरा याने तहाचे बोलणे लावले. शरणागतीची कलमे ठरली ती १६ मे रोजी. शिबंदीने शस्त्रे, निशाण व वाद्ये यांसह सन्मानाने बाहेर पडावे, रहिवाशांनी आपली जंगम मालमत्ता घेऊन जावे, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, अशा आशयाची ती कलमे होती. किल्ला रिकामा करण्यास आठ दिवसांची मुदत मिळाली. आरंभीचा व शेवटचा असे दोन्ही दिवस धरून मोजल्यास १६ मेपासूनचा आठवा दिवस २३ मे हा येतो आणि त्याच दिवशी किल्ला मराठ्यांच्या स्वाधीन झाला. तेव्हा १६ व २३ हे दोन अंक दोन निरनिराळ्या घटनांचे आहेत, एक कराराचा आणि दुसरा ताब्याचा.

उरलेले दोन अंक, म्हणजे ५ व १२, हे याच दोन दिवसांचे जुन्या इंग्रजी पद्धतीतील अंक होत. पोर्तुगालने पोप ग्रेगरीची सुधारलेली कालगणना ऑक्टोबर १५८२ मध्येच स्वीकारली होती. त्या वेळी ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. इंग्लंडने मात्र ही सुधारणा पावणेदोनशे वर्षे लांबणीवर टाकली आणि ती सप्टेंबर १७५२ मध्ये अमलात आणली. तेथे २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर १४ सप्टेंबरचा गुरुवार धरण्यात आला. सतराव्या शतकात या दोन पद्धतींमध्ये दहा दिवसांचे अंतर होते. १७०० सालापासून ते अकरा दिवसांचे झाले. म्हणून १७३९ मध्ये वसईच्या तटावर जो दिवस १६ मे होता तोच मुंबईच्या इंग्रजी कोटात ५ मे होता. दोन्ही ठिकाणी सूर्य एकाच वेळी उगवत होता आणि त्यांच्यामधील अंतर पडावाने काही प्रहरांचे होते.

मराठी इतिहासाचे संशोधन व संपादन इंग्रजी अमलात सुरू झाले. त्यामुळे १७५२ पूर्वीच्या तिथी इंग्रजी तारखांत रूपांतरित करताना जुन्या पद्धतीचा अंक देण्याची चाल आपल्याकडे रूढ झाली. श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६ या तिथीला झाला. त्याची सर्वपरिचित तारीख ६ जून १६७४ ही जुन्या पद्धतीची आहे; नव्या पद्धतीने ती १६ जून येते. महाराष्ट्र शासनाने मान्य केलेली १९ फेब्रुवारी १६३० ही शिवजन्माची तारीखही जुन्याच पद्धतीची असून नव्या पद्धतीने तो दिवस १ मार्च होतो. याउलट पोर्तुगीज साधनांवर आधारलेले ग्रंथ नव्या पद्धतीने तारीख देतात. जेर्सन द कुन्हा यांचा चौल व वसई यांच्या इतिहासावरील १८७६ चा इंग्रजी ग्रंथ, य. न. केळकर यांचे ‘वसईची मोहीम’ हे १९३७ चे पुस्तक आणि पां. स. पिसुर्लेकर यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा १९६७ चा ग्रंथ एकत्र ठेवून वाचणाऱ्याने प्रत्येक तारखेपाशी, ती मूळ कोणत्या दप्तरातून आली आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

इंग्रजी पद्धतीत आणखी एक अडचण आहे. १७५२ पूर्वी इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी ते २४ मार्च या काळातील घडामोडींवर मुंबईच्या कागदांत मागील वर्षाचा अंक पडतो. वसईभोवतीचा वेढा आवळला जात असतानाचे १७३९ च्या आरंभीचे एखादे इंग्रजी पत्र १७३८ चे म्हणून वाचले गेले, तर अकरा दिवसांची नव्हे, पुऱ्या वर्षाची चूक होईल.

३

मराठ्यांच्या छावणीतील दिवस या दोन्ही पद्धतींपेक्षा निराळ्या रीतीने मोजला जात होता. पंचांगाप्रमाणे ते शके १६६१, सिद्धार्थी नाम संवत्सर होते. शरणागतीचा दिवस वैशाख शुद्ध पक्षाच्या मध्यावर, अष्टमी-नवमीच्या आसपास येतो. किल्ला ताब्यात आल्याचा दिवस वैशाखी पौर्णिमेच्या लगत पडतो. परंतु व्यवहाराच्या कागदांवर तिथीऐवजी बहुधा चंद्रतारीख लिहिली जाई. ‘छ’ या अक्षरानंतर हिजरी महिन्याचा दिवस आणि अरबी संख्यावाचक शब्दांत सुहूर सन, असा त्या काळच्या पत्रांचा परिपाठ होता. या गणनेने १६ मे १७३९ हा दिवस सफर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि सन ‘तिसा सलासीन मया व अलफ’, म्हणजे नऊ, तीस, शंभर व हजार मिळून ११३९ असा होतो.

सुहूर सनाचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो त्या दिवशी होत असल्यामुळे त्यास मृगसाल असेही म्हणतात. १७३९ साली मृग नव्या पद्धतीच्या जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लागला. त्यापूर्वीच्या महिन्यांसाठी सुहूर सनात ६०० मिळवून इसवी सन काढावा लागतो आणि त्यानंतरच्या महिन्यांसाठी ५९९ मिळवावे लागतात. ११३९ मध्ये सरसकट ५९९ मिळवल्यास वसईचा विजय १७३८ सालात जाईल. उलटपक्षी, किल्ला हाती आल्यावर सुमारे दोन आठवड्यांतच सन बदलून ११४० झाला असल्यामुळे जिंकण्याची हकीकत एका सालात आणि नव्या मुलुखाच्या जमाबंदीचा आरंभ पुढील सालात आढळतो. यावरून त्या दोहोंमध्ये वर्षाचा खंड पडला, असा निष्कर्ष काढणे अर्थातच चुकीचे ठरेल.

दिवसाचा आरंभ कोठून धरावा, याविषयीही एकवाक्यता नव्हती. पंचांगातील वार सूर्योदयापासून सुरू होतो. हिजरी तारीख सूर्यास्ताबरोबर बदलते. पोर्तुगीज व इंग्रज यांचा नागरी दिवस मध्यरात्रीपासून धरला जाई. इंग्रजी जहाजांच्या रोजनिशीत मात्र दिवस माध्यान्हापासून माध्यान्हापर्यंत मोजण्याची रीत होती आणि त्या रोजनिशीतील तारीख आदल्या दिवसाच्या दुपारीच सुरू होई. अशा स्थितीत सायंकाळी घडलेली एकच घटना मराठी पत्रात पुढील चंद्रतारखेस, पोर्तुगीज अहवालात चालू तारखेस आणि जहाजाच्या नोंदवहीत पुढील तारखेस पडू शकते. रात्रीचे हल्ले व पहाटेची बोलणी यांनी भरलेल्या मोहिमेच्या साधनांत एका दिवसाचा फरक आढळला, तर कोणीतरी खोटे लिहिले असा संशय घेण्यापूर्वी ही शक्यता तपासणे आवश्यक आहे.

या सर्व भिन्नतेत एक गोष्ट मात्र अढळ राहते. ती म्हणजे वार. पोर्तुगीज, इंग्रज, हिंदू व मुसलमान या सर्वांच्या गणनांत सात वारांचे चक्र एकच असून कोणत्याही सुधारणेने ते खंडित झालेले नाही. १६ मे १७३९ रोजी शनिवार होता. जुन्या पद्धतीच्या ५ मे रोजीही शनिवारच होता. आणि किल्ल्याचा ताबा दिल्याचा दिवसही पुढचा शनिवार होता. म्हणून एखाद्या पत्रात तारखेबरोबर वार दिलेला असेल, तर तो अभ्यासकाचा सर्वांत विश्वासू साक्षीदार समजावा. तारीख व वार यांचा मेळ ज्या पद्धतीने बसतो, ती त्या कागदाची पद्धती होय.

४

ही सर्व चर्चा केवळ अंकांच्या काटेकोरपणासाठी आहे, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु अकरा दिवसांच्या अंतरावर कार्यकारणभावाचा निर्णय कसा अवलंबून राहतो, हे त्याच वसंत ऋतूतील दुसऱ्या एका घटनेवरून स्पष्ट होते. मार्च १७३९ मध्ये इराणचा नादिरशहा दिल्लीत शिरला. नव्या पद्धतीने तो २० मार्च रोजी शहरात आला आणि २२ मार्च रोजी तेथे भयंकर कत्तल झाली. उत्तरेतील या संकटामुळे बाजीराव पेशवे चिंतेत होते. त्यांची फौज मात्र वसईच्या वेढ्यात अडकलेली होती. वसईचे काम लवकर उरकावे व फौज मोकळी व्हावी, ही त्या वेळची निकड होती. सत्तावन्न दिवस दिल्लीत राहून नादिरशहा परत निघाला, तो ७ सफर रोजी, म्हणजे नव्या पद्धतीने १६ मे रोजी व जुन्या पद्धतीने ५ मे रोजी. वसईच्या शरणागतीचा दिवसही तोच होय.

आता समजा, एखाद्या अभ्यासकाने नादिरशहाच्या प्रयाणाची तारीख जुन्या पद्धतीच्या ग्रंथातून ५ मे अशी घेतली आणि वसईच्या शरणागतीची तारीख पोर्तुगीज आधारावरून १६ मे अशी घेतली. त्याला दोन घटनांत अकरा दिवसांचे अंतर दिसेल. तेवढ्या काळात वेगवान जासूद दिल्लीहून कोकणात पोचणे त्याला अशक्य वाटणार नाही. नादिर परतल्याची वार्ता कळताच मराठ्यांना हुरूप आला किंवा पोर्तुगीजांची अखेरची आशा मावळली, अशी उपपत्ती तो सहज मांडू शकेल. दुसऱ्या एखाद्याने नेमक्या उलट ग्रंथांतून तारखा घेतल्या, तर त्याला वसई ५ मे रोजी पडलेली व नादिर १६ मे रोजी निघालेला दिसेल. वसईचा पराभव ऐकून नादिरने मराठ्यांचा धसका घेतला, असे लिहिण्याचा मोह त्याला होईल. दोन्ही उपपत्ती तर्कशुद्ध भासतील. दोन्ही निराधार असतील. खरी स्थिती अशी की, ज्या शनिवारी नादिरची छावणी दिल्लीबाहेर हलली त्याच शनिवारी वसईत कलमे ठरत होती आणि एका ठिकाणच्या माणसांना दुसऱ्या ठिकाणी काय चालले आहे याची गंधवार्ताही असणे शक्य नव्हते. वसईवरील अंतिम हल्ल्यामागे नादिरविषयीच्या काळजीचा भाग असू शकतो. नादिरच्या प्रयाणाचा मात्र असू शकत नाही. हा भेद तारखा एका पातळीवर आणल्यावाचून करता येत नाही.

५

तथापि तारखांचे रूपांतर करून मूळ नोंद टाकून देणे हीदेखील हानीच होय. प्रत्येक कालगणना त्या दिवसाची काहीतरी वेगळी माहिती सांभाळून ठेवते आणि ती माहिती दुसऱ्या गणनेत उतरत नाही.

तिथीचे उदाहरण घ्यावे. अष्टमी-नवमीच्या सुमारास खाडीला भांगाची, म्हणजे मंद, भरती असते. पौर्णिमेच्या लगत उधाण असते. भाईंदर, उत्तन वा नायगाव येथील कोळ्याला हे सांगावे लागत नाही. तिथी ऐकताच पाणी किती चढेल याचा त्याला अंदाज येतो. वैशाख शुद्ध पक्षाच्या मध्यावरील शरणागती भांगाच्या दिवसांत झाली आणि किल्ला रिकामा करून माणसे व सामान गलबतांतून हलविण्याचा काळ उधाणाकडे सरकत होता, ही गोष्ट १६ व २३ या अंकांत कोठेही दिसत नाही. खाडीकाठच्या युद्धात पाण्याची चढउतार ही तोफांइतकीच महत्त्वाची असते. म्हणून या मोहिमेतील नावांच्या हालचाली, पायउतारांवरून झालेले हल्ले व रसदीचे मार्ग यांचा विचार करताना तिथी हाताशी असणे अत्यावश्यक आहे.

मृगसाल हे पावसाचे व शेताचे वर्ष होय. मृग लागण्यास जेमतेम तीन आठवडे उरले असताना शरणागती झाली, यावरून चिमाजी आप्पांच्या घाईचा आणखी एक अर्थ उलगडतो. पावसाळा सुरू झाल्यावर खंदक, सुरुंग व मोर्चे यांचे काम चालणे अशक्य होते आणि वेढा पुढील हंगामावर गेला असता, तर किल्ल्यास नवी कुमक मिळण्याचा धोका होता.

पोर्तुगीजांच्या तारखेत त्यांचा धर्मदिन सामावलेला आहे. १७३९ साली नव्या पद्धतीने ईस्टरचा रविवार २९ मार्च रोजी आला. त्यानंतर सात आठवड्यांनी येणारा पवित्र आत्म्याच्या अवतरणाचा सण, पेंटेकॉस्ट, १७ मे रोजी होता. म्हणजे वसईच्या तटाआड कलमांवर विचार चालू असलेला शनिवार हा त्या मोठ्या सणाचा आदला दिवस होता. किल्ल्यातील चर्चमध्ये दुसऱ्या दिवशी झालेली उपासना ही त्या नगरीतील पोर्तुगीज अमलाखालच्या अखेरच्या रविवारची उपासना होती. कारण पुढचा शनिवार हाच ताबा देण्याचा दिवस ठरला होता. मुंबईतील इंग्रजांच्या प्रार्थनामंदिरात मात्र ईस्टर जुन्या पद्धतीच्या २२ एप्रिल रोजी, म्हणजे नव्या पद्धतीने ३ मे रोजी साजरा झाला होता आणि त्यांचा पेंटेकॉस्ट अद्याप कित्येक आठवडे दूर होता. एकाच ख्रिस्ती धर्माच्या दोन पंथांना खाडी ओलांडताच वर्षाचे दोन वेगळे ऋतू लाभत होते. वसई सोडून मुंबईकडे गेलेल्या कुटुंबांच्या अनुभवाचा हा भाग केवळ १६ मे किंवा ५ मे असे लिहून हाती लागत नाही.

६

आता पुन्हा दिनविशेषाच्या मूळ प्रश्नाकडे वळणे योग्य होईल. खाडीच्या इतिहासात मे महिन्याच्या मध्यावर दुसरीही एक मोठी घटना आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची समाप्ती करणारा सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी झाला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेऊन साष्टीत पाय रोवले होते आणि १७८० च्या अखेरीस त्यांनी वसईही घेतली होती. सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली व वसई पेशव्यांना परत मिळाली. १७३९ च्या तहाने खाडीचे दोन्ही तीर मराठ्यांच्या हाती एकत्र आले होते. १७८२ च्या तहाने ते पुन्हा विभागले गेले. दिनविशेषांची मालिका रचणारा लेखक १६ मे व १७ मे ही दोन पाने शेजारी ठेवून या योगायोगाने मोहित झाल्यास नवल नाही.

परंतु हे शेजारपण पूर्णतः कालगणनेच्या निवडीवर अवलंबून आहे. १७८२ पर्यंत इंग्रजांनीही नवी पद्धती स्वीकारली असल्यामुळे सालबाईच्या तारखेस एकच रूप आहे. वसईच्या तारखेस दोन आहेत. मराठी ग्रंथांतील ५ मे धरला, तर हे दोन दिवस बारा दिवसांनी दुरावतात. किल्ल्याचा ताबा हीच मुख्य घटना मानली, तर अंक १२ किंवा २३ होतो. शिवाय सालबाईच्या तहासही पेशव्यांची मान्यता मिळून मान्यतापत्रांची देवघेव होईपर्यंत १७८३ चा आरंभ उजाडला. तेव्हा त्याचाही ‘दिवस’ कोणता मानावा, हा प्रश्न उरतोच. वर्षाच्या एका पानावर दोन शतकांना भेटविणारा योगायोग इतिहासाने घडविलेला नसून तो मांडणाऱ्याच्या पट्टीने घडविलेला असतो.

दक्षिण तीराचा अभ्यास करणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. भाईंदर व आसपासच्या गावांपुरता पाहता सत्तांतराचा दिवस १७३९ च्या मे महिन्यातील नव्हेच. साष्टी बेट १७३७ मध्येच मराठ्यांकडे येऊ लागले होते आणि त्या घटनेची नोंदही मराठी ग्रंथांत मार्चमध्ये, तर पोर्तुगीज ग्रंथांत एप्रिलमध्ये आढळते. येथे पद्धतीच्या भेदाने महिनाच पालटतो. वसईच्या शरणागतीने या गावांना मिळाले ते नवे राज्य नव्हे, तर निर्धास्तपणा; खाडी ही युद्धाची सीमा राहिली नाही. पस्तीस वर्षांनी इंग्रजांनी साष्टी घेतल्यावर ती पुन्हा सीमा झाली. १७८० ते १७८३ ही युद्धाची वर्षे वगळता पेशवाईच्या अखेरीपर्यंत दक्षिण तीरावर इंग्रजी तारीख व उत्तर तीरावर शक, तिथी आणि मृगसाल अशी स्थिती राहिली. एका तीरावरच्या माणसाला पैलतीरावरचा दिवस दिसत होता, पण त्याचे नाव निराळे होते. मोठ्या किल्ल्याचा दिवस लहान गावांवर लादल्याने त्यांचा स्वतःचा इतिहास झाकला जातो.

७

उपरोक्त विवेचनावरून अभ्यासकाला काही कार्यपद्धतीविषयक सूचना मिळतात. पहिली अशी की, १७५२ पूर्वीची कोणतीही इसवी तारीख देताना ती जुन्या पद्धतीची की नव्या, हे नमूद करावे. शक्य तेथे दोन्ही अंक ५/१६ मे १७३९ अशा स्वरूपात द्यावेत. दुसरी अशी की, मूळ कागदातील तिथी, चंद्रतारीख व सन जशाच्या तशा उतरवून मगच त्यांचे रूपांतर करावे आणि रूपांतर झाल्यावरही मूळ नोंद गाळू नये. तिसरी अशी की, जेथे वार उपलब्ध असेल तेथे त्याच्या आधाराने रूपांतर पडताळून पाहावे. चौथी अशी की, तह, ताबा व मान्यता या तीन अवस्थांपैकी कोणत्या अवस्थेचा दिवस दिला जात आहे, हे सांगितल्याशिवाय ‘पाडावाचा दिवस’ हा शब्दप्रयोग करू नये. १५८२ पूर्वीच्या तारखांबाबत सर्व युरोपीय राष्ट्रांची पद्धती एकच असल्यामुळे २३ डिसेंबर १५३४ सारख्या तारखेत बदल करण्याचे कारण नाही; तो अंक मूळ साधनांशी जुळत राहणे अधिक सोयीचे असते. मात्र १५३४ व १७३९ या दोहोंतील अंतर दिवसांत मोजावयाचे झाल्यास मधल्या सुधारणेचा हिशेब धरावाच लागेल.

सर्व माणसांचा दिवस एकाच नावाने ओळखला जाणे ही अलीकडची गोष्ट आहे. १८६४ साली रेल्वेमार्ग वसईची खाडी ओलांडून भाईंदरवरून मुंबईकडे आला आणि दोन्ही तीरांना एका वेळापत्रकाने बांधले. तरीही भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाल्यावर मुंबई शहराने आपली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशींवरून शासनाने स्वीकारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवसापासून, अमलात आली आणि दप्तरांत आणखी एका गणनेची भर पडली. आजही खाडीकाठच्या वस्तीत पगार एका कालगणनेने, सण दुसऱ्या कालगणनेने आणि मासेमारी तिथीने चालते.

म्हणून स्थानिक इतिहासात एखादा दिवस निवडून त्यावर शतके रचण्याची पद्धत त्याज्य ठरत नाही. तिला शिस्तीची जोड हवी. १७३९ च्या वैशाखातील तो शनिवार चार दप्तरांत चार नावांनी नोंदला गेला. पोर्तुगीजांच्या दप्तरात तो सणाचा आदला दिवस आहे, इंग्रजांच्या दप्तरात शेजाऱ्याच्या पराभवाच्या वार्तेची तारीख आहे, पंचांगात भांगाच्या भरतीची तिथी आहे आणि सुहूर सनात मावळत्या वर्षाचे अखेरचे दिवस आहेत. या चारही नोंदी एकत्र वाचणाऱ्यालाच त्या दिवशी खाडीच्या दोन्ही तीरांवर काय घडत होते, हे सांगता येईल.